ड्रायव्हरसाहेबांची सीट

गादीवाल्यांना कुणी ड्रायव्हरसाहेबांबद्दल विचारलं, की ते आधी हेच सांगतात की मला त्या माणसाची म्हणावी तशी ओळख नव्हती. दोघं एका खोलीत राहिले, एकाच कपाटात कपडे ठेवले, एकमेकांच्या घोरण्यावर झोपले आणि एकमेकांच्या खोकल्यानं जागे झाले. पण ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोचं नाव काय, त्यांचं बालपण कुठं गेलं, देव मानायचे की नाही, यातलं काही गादीवाल्यांना सांगता येणार नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. पण गादीवाले पहिल्यापासून मुखदुर्बळ, आणि समोरचा इतका बोलका की प्रश्न घुसवायला फट मिळायची नाही. तेव्हा जे थोडंफार ठाऊक आहे ते एवढंच, की तो माणूस कसा बसायचा आणि पुन्हा कसा उभा राहिला.

वृद्धनिवासाच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली होती. दोन लोखंडी पलंग, मध्ये कपाट, दाराशेजारी बाथरूम आणि समोरच्या भिंतीत मोठी खिडकी. खिडकीखाली फाटक आणि गाडी जेमतेम वळेल एवढं अंगण. गादीवाले पहिल्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा ड्रायव्हरसाहेब त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. हातांची लाकडी खुर्ची, पाठ ताठ, मान फाटकाकडे. खाली औषधांची गाडी मागे येत होती.

"घे... घे... अजून घे... बस्स! बस्स म्हटलं ना! कान आहेत की आरसे?" एवढं ओरडून झाल्यावर ते वळले. "या. तुम्ही काय करायचात?"

"सोफे. गाद्या. खुर्च्यांच्या बैठका शिवायचो."

"म्हणजे लोकांच्या बुडाची सोय."

"तसंच म्हणायचं."

"मग माझं सगळं आयुष्य तुमची वाट बघण्यात गेलं म्हणायचं. बसच्या सीटची स्प्रिंग जी टोचायची, जी टोचायची, की पेन्शन मला नको, माझ्या बुडाला द्या, असं साहेबाला सांगणार होतो."

त्या दिवसापासून त्यांचं नाव गादीवाले पडलं. ड्रायव्हरसाहेबांना तर सगळेच ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. फाटकातून आत येणारी एकही गाडी त्यांच्या हुकुमाशिवाय मागे येत नसे. खालच्या गाडीवाल्यांना तो आवाज ऐकू जायचा की नाही कोण जाणे, पण ते वर बघून हात मात्र करायचे.

मग ड्रायव्हरसाहेब बाथरूममध्ये घसरून पडले. हाड मोडलं नाही. कपाळाला टेंगूळ आलं, ते आठवड्याभरात बसलंही. दिसायला सगळं पहिल्यासारखं झालं, फक्त ते चालेनासे झाले. मावशींनी वॉकर आणून समोर ठेवला, तर त्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला.

"चला, दोन पावलं टाका," मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे त्या मजल्यावरच्या सेविका, आवाजानं आणि अंगानंही भक्कम. म्हाताऱ्यांना उचलणं, अंघोळ घालणं, कपडे बदलणं हे त्यांचं काम.

"ड्रायव्हर चालत नाही, मावशी. ड्रायव्हर चालवतो."

"मग चालवा की स्वतःला."

"पेट्रोल कुठंय?"

मावशी हसल्या आणि विषय तिथंच राहिला. सकाळच्या चहाला खुर्चीत बसवलेले ड्रायव्हरसाहेब रात्रीच्या जेवणानंतरच पलंगावर जात, तेही मावशींच्या खांद्यावर सगळा भार टाकून. रात्रभर उताणे. सकाळी पुन्हा खुर्ची. गंमत, टोमणे, गाड्यांना हुकूम, सगळं होतं तसंच चालू. त्यामुळे हा माणूस आता उठत नाही, हे फारसं कुणाच्या लक्षातही येईना.

लक्षात आलं ते अंघोळीच्या वेळी. मावशींनी हाक मारून सिस्टरना बोलावलं. सिस्टर बारीक चणीच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माकडहाडावरचा लाल डाग बोटानं दाबून पाहिला. बोट काढल्यावर तिथली कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी होती. ती होती तशी लालच राहिली.

"ही जखमेची सुरुवात आहे," सिस्टर त्यांना खुर्चीत परत बसवताना म्हणाल्या. "एकाच जागेवर वजन राहिलं की तिथलं रक्त थांबतं. कातडी आत मरायला लागते. वरून लहान दिसतं, आतून पोखरतं. फुटली तर भरायला महिने जातात. मग तुम्हाला खालच्या वॉर्डात न्यावं लागेल."

खालचा वॉर्ड म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथं हवेच्या गाद्यांचे पंप दिवसभर गुरगुरत असत.

ड्रायव्हरसाहेबांनी मान डोलावली आणि खिडकीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं त्यांच्या लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करायची. फोनचा आवाज मोठा ठेवायची ड्रायव्हरसाहेबांना सवय, त्यामुळे गादीवाल्यांना सगळं ऐकू आलं.

"बाबा, नवीन घर तळमजल्यावर मिळालंय. तुमच्यासाठी खोली ठेवलीय. पण मी दिवसभर कामावर. तुम्हाला स्वतःहून उठून बाथरूमला जाता आलं पाहिजे. आणि सिस्टर म्हणतात ती जखम... ती झाली तर मला घरी नाही हो निभावता येणार. तुमच्यापासून काय लपवू?"

"जमेल की. त्यात काय आहे! घोड्यासारखा चालतो मी इथं."

त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यात खाली एक गाडी आली आणि गेली, त्यांनी तिला काहीही सांगितलं नाही. तेव्हा गादीवाल्यांना कळलं, की या माणसाला घरी जायचंय. फार जायचंय.

आता गादीवाल्यांचा स्वभाव असा, की सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे तर त्यांच्या तोंडाला कोरड पडायची. पण हात रिकामे नव्हते. आयुष्यभर त्यांनी लोकांची टेकणी नि बैठका मऊ केल्या होत्या. इथं तर प्रश्नच बैठकीचा होता. कधी नव्हे ते त्यांना वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. त्यांनी पिशवीच्या तळातली बाकदार सुई काढली. मावशींकडून विरलेली चादर आणि एक जुनी फोमची गादी मागून घेतली. दुपारभर पलंगावर मांडी ठोकून त्यांनी एक गोल उशी शिवली. मध्ये भोक ठेवलं, चुंबळीला असतं तसं. माकडहाड नेमकं भोकावर येईल, दुखऱ्या जागेला कशाचा स्पर्शच होणार नाही, असा हिशेब. कडेला दुहेरी शिलाई घातली. टाके असे, की मोजायला भिंग लागावं.

ड्रायव्हरसाहेब तिच्यावर बसले, डावी-उजवीकडे डुलले आणि त्यांनी डोळे मिटले.

"गादीवाले, तुम्ही माणूस नाही. तुम्ही राजाचे सिंहासनवाले आहात."

गादीवाल्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी स्तुती त्यांची कुठल्या गिऱ्हाइकानं केली नव्हती. त्यांनी नुसतं "बरं वाटतंय ना?" एवढं विचारलं आणि सुई पुसून ठेवली.

बरं वाटत होतं, तीच तर पंचाईत झाली. आधी टोचायचं म्हणून ड्रायव्हरसाहेब अधूनमधून खुर्चीतल्या खुर्चीत तरी सरकायचे. आता तेही थांबलं. देवळातल्या मूर्तीसारखे बसून राहायचे. दरम्यान सिस्टर रजेवर होत्या आणि अंघोळीला मावशींऐवजी बदलीची बाई येत होती, ती घाईची. सिस्टर परतल्या आणि त्यांनी डाग बघायला घेतला, तेव्हा तो लाल राहिला नव्हता. जांभळा झाला होता, वर पाण्याचा फोड. आणि भोवती एक गोल लाल कडं उमटलेलं, बशी ठेवावी तसं.

सिस्टर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडल्या.

"ही उशी कुणी दिली?"

गादीवाल्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मी शिवली."

"मी मागितली," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"त्यांनी नाही मागितली. मीच आपणहून..."

"अहो, मी मागितली म्हणतोय ना! तुम्ही गप्प बसा. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही तुमच्या, आजच कसा कंठ फुटला?"

"दोघंही गप्प बसा," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी उशी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि त्यांचा आवाज खाली आला. "काका, काम सुरेख आहे. पण हे भोकच घात करतं. सगळं वजन कडेवर येतं आणि मधल्या कातडीला चारी बाजूंनी फास बसतो. रक्त आत जाणार कुठून? पूर्वी आम्हीच अशा उश्या द्यायचो. आता नाही देत. कळलंय म्हणून नाही देत."

गादीवाल्यांना ते झटकन कळलं. सोफ्याच्या पाठीत बटण ओढून घट्ट बसवलं की भोवतीचं कापड कसं आवळून येतं, ते त्यांनी हजारदा पाहिलं होतं. फक्त ते कापड होतं. हे माणसाचं अंग आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग चांगली बिनभोकाची शिवू का?" त्यांनी विचारलं.

"सपाट, बेताची जाड उशी मी देते आपल्याकडची. पण उशी कितीही चांगली असली तरी ती काही तुमच्याऐवजी उठत नाही. उठायचं त्यांनाच आहे." सिस्टरनी ड्रायव्हरसाहेबांकडे बघितलं. "थोड्या थोड्या वेळानं उभं राहायचं. पावलं टाकायची. रात्री उताणं नाही, एकदा या कुशीवर, एकदा त्या. अंडं खायचं, पाणी प्यायचं. अजून फोड फुटलेला नाही, तेवढी संधी आहे."

"होईल हो सगळं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

मावशी आणि सिस्टरनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. ते उभे राहिलेही. मग सिस्टर म्हणाल्या, "आता एक पाऊल," आणि ते धप्पदिशी बसले. "उद्या. आज गाडी गरम झालीय." मावशी हसल्या. गादीवाले हसले नाहीत. त्यांच्या जागेवरून त्यांना ड्रायव्हरसाहेबांचा हात दिसत होता. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं अशी रुतली होती की नखं पांढरी पडली होती.

उद्याही तेच झालं आणि परवाही. व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. त्यांनाही त्यांनी दोन विनोद सांगून परत पाठवलं. कुशीवर झोपणं तेवढं त्यांनी मान्य केलं, कारण ते पडल्यापडल्या होत होतं. गादीवाल्यांनी उशी उसवली, फोम मावशींना परत दिला आणि ते विचार करत बसले. या माणसाला काय सांगावं? सांगणारे सगळे सांगून दमले होते. आणि आपल्या सांगण्याला वजन ते किती! गादीवाल्यांचं आयुष्यभर असंच होतं. गिऱ्हाईक म्हणेल हिरवा तर हिरवा, घरी बायको म्हणेल पूर्व तर पूर्व. कुणाच्या मनाविरुद्ध त्यांनी खुर्ची कधी हलवली नव्हती.

नेमकी तीच त्यांनी हलवली. ड्रायव्हरसाहेब अंघोळीला गेलेले असताना गादीवाल्यांनी ती जड लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी ओढत ओढत दाराजवळ आणली, बाथरूमच्या शेजारी, खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीला. तिथून आकाशाचा एक तुकडा दिसायचा. फाटक दिसायचं नाही. हे करताना त्यांच्या मनात एक गोष्ट येऊन गेली, ती त्यांनी तिथंच दाबली. हा माणूस चालायला लागला तर तो जाणार. मग या खोलीत बोलणारं कुणी राहणार नाही.

मावशींनी ड्रायव्हरसाहेबांना बाहेर आणलं. खुर्ची बघून मावशींनी भुवई उंचावली. त्यांना तिथंच बसवून त्या निघून गेल्या.

"माझी सीट कुणी हलवली?"

"मी," गादीवाले म्हणाले.

"का?"

गादीवाल्यांनी बरंच ठरवून ठेवलं होतं बोलायचं. त्यातलं काहीच आठवेना. "तिथं... ऊन येतं," ते म्हणाले.

"ऊन? आज ढग आहेत."

"उद्या येईल."

"होती तिथं ठेवा ती खुर्ची."

"नाही ठेवणार."

ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू पलंग बोलला. मग त्यांनी तोंड फिरवलं. खाली दोन गाड्या येऊन गेल्या, त्यांचे फक्त आवाज वर आले. ड्रायव्हरसाहेबांची मान प्रत्येक आवाजाला वळायची आणि परत भिंतीकडे यायची. जेवताना गादीवाल्यांना राहून राहून वाटलं, एका माणसाकडे आहे तेवढं एकच सुख, ते आपण काढून घेतलं की काय! आणि मावशींना सांगून खुर्ची परत ठेवून घेणं ड्रायव्हरसाहेबांना काही अवघड नव्हतं. पण त्यांनी तसं केलं नाही. का केलं नाही, हे गादीवाल्यांना कधी कळलं नाही.

जेवणानंतर धुण्याची गाडी आली. ती मागे यायला लागली तोच खालून रखवालदाराची आरडाओरड ऐकू आली. गाडी पुढे गेली, मागे आली, परत पुढे. कुणीतरी नवखा होता. पत्र्याला काहीतरी घासल्याचा आवाज आला.

"डावीकडे काप म्हणावं त्याला," ड्रायव्हरसाहेब पुटपुटले. "खांब आहे तिथं. अहो, सांगा ना त्याला!"

"मला नाही कळत त्यातलं," गादीवाले म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पुन्हा घासल्याचा आवाज.

"अरे, मारतोय तो गाडी! हात द्या. बघता काय? हात द्या इकडे!"

गादीवाल्यांनी हात दिला. ड्रायव्हरसाहेब उभे राहिले. एक पाऊल पडलं आणि ते थांबले. चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला होता.

"पडलो तर?" ते हळूच म्हणाले. तसा आवाज गादीवाल्यांनी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी डोकं फरशीवर आपटलं ना, तो आवाज ऐकला मी. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

"पडलात तर माझ्यावर पडाल," गादीवाले म्हणाले. "मी मऊ आहे."

ड्रायव्हरसाहेब हसले. हसण्यात दुसरं पाऊल पडून गेलं. मग पलंगाची कड आली, तिला धरून तिसरं. वाटेत एकदा ते टेकायला बघत होते, पण खाली पुन्हा इंजिन ओरडलं आणि ते तसेच पुढे सरकले. खिडकीचे गज हाताला लागल्यावर त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि जो आवाज काढला तो रस्त्यापलीकडे गेला असेल.

"ए शहाण्या! स्टिअरिंग सरळ कर आधी! आता घे... घे... बघतोस कुठं, आरशात बघ!"

गाडी निघाली. धुणं उतरलं. ड्रायव्हरसाहेब गजांना धरून उभेच होते, घामाघूम.

"आता परत जायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"आलात तसंच."

"तुम्ही फार आतल्या गाठीचे निघालात, गादीवाले."

त्यानंतर खुर्ची परत मागायचं त्यांनी नाव काढलं नाही. गाडीचा आवाज आला की उठायचं. आधी गादीवाल्यांचा हात, मग वॉकर. त्यावरचा टॉवेल काढून गादीवाल्यांच्या पलंगावर फेकला जायचा. गाड्या कमी येतात अशी त्यांची तक्रार सुरू झाली. मग उठायला निमित्त म्हणून येणारी-जाणारी माणसंही त्यांना चालू लागली, पुढे पुढे तर पाखरूही. बाथरूम खुर्चीला लागूनच होतं. एके दिवशी ते कुणाला न सांगता आत गेले आणि बाहेर येऊन, काही झालंच नाही अशा थाटात, हात पुसत उभे राहिले. मावशींनी तेवढ्यात पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी साबण जागेवर न ठेवल्याबद्दल त्यांना फैलावर घेतलं.

फोड फुटला नाही. आतलं पाणी जिरलं, वरचा पापुद्रा सुकून गळाला, खाली कोवळी गुलाबी कातडी निघाली. सिस्टर बोटानं दाबून बघायच्या आणि पुढच्या माणसाकडे जायच्या. एकदा दाबलं, बोट काढलं आणि म्हणाल्या, "पांढरं झालं." ड्रायव्हरसाहेब पालथे पडले होते. ते उशीतूनच ओरडले, "गादीवाले, ऐकलंत का? आमचं बूड पास झालं!"

लेक गाडी घेऊन आली. शांत, वडिलांसारख्याच ताठ पाठीची. वडील मावशींचा निरोप घेत होते, तेवढ्यात ती गादीवाल्यांजवळ येऊन उभी राहिली.

"सिस्टरनी सांगितलं मला सगळं, काका. तुमचे उपकार..."

"छे, छे. उशी माझी चुकलीच होती," गादीवाले म्हणाले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "आता घर भरून जाईल तुमचं. फार बोलके आहेत."

"बाबा?" ती खरंच चकित झाली. "बाबा घरात कधी बोलायचे नाहीत. कामावरून आले की गप्प. आई म्हणायची, भिंत तरी बरी."

घरातला गप्प आणि इथला बोलका, या दोघांतला खरा कोण, हे गादीवाल्यांना विचारावंसं वाटलं. पण ड्रायव्हरसाहेब वॉकर टेकत येऊन पोचले. ते गाडीच्या पुढच्या सीटवर बसले. वाटेत थांबून खाली उतरायचं आणि उभं राहायचं, हे सिस्टरनी लेकीकडून वदवून घेतलं होतं. काच खाली करून ड्रायव्हरसाहेबांनी गादीवाल्यांना जवळ बोलावलं. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं?

"अहो, माझा दातांचा ब्रश वर राहिला."

"कुठला? निळा?"

"निळा तुमचा. माझा हिरवा."

गादीवाले जरा घुटमळले. "सकाळी मी हिरव्यानंच घासले."

"आज?"

"रोजच."

"बरं, मग राहू द्या तो तुमच्याकडेच," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "मी वाटेत घेतो नवा."